मेंदूची छेदचित्रे संगणकात घेताना

रायपूरच्या समता कॉलनीत राहणाऱ्या एखाद्या रुग्णाच्या मेंदूची तपासणी त्याच शहरात झाली, आणि शस्त्रक्रियेचा सल्ला मात्र नागपूरच्या तज्ज्ञाकडून घ्यावयाचा आहे, असे समजू. रुग्णाबरोबर चित्रांची एक सीडी पाठविली जाते. ती दुसऱ्या संगणकावर उघडताना काय घडते, हे जाणून घेणे अगत्याचे आहे; कारण येथे होणारी चूक सहसा डोळ्यांना दिसत नाही.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मोर्ली रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने प्रथमच एका रुग्णाच्या मेंदूचे छेदचित्र घेतले. त्यात ८० गुणिले ८० बिंदू होते. पुढे अनेक उत्पादक अशी यंत्रे बनवू लागले. परंतु प्रत्येकाची नोंदपद्धती निराळी असल्याने एकाची चित्रे दुसऱ्याला वाचता येईनात. म्हणून १९८३ साली अमेरिकेतील क्ष-किरणतज्ज्ञ व विद्युत-उपकरणांचे उत्पादक यांच्या संस्थांनी संयुक्त समिती स्थापन केली. तिचे पहिले प्रमाण १९८५ साली निघाले, आणि १९९३ साली त्याला आजचे ‘डायकॉम’ हे रूप लाभले.

डायकॉम फाइल म्हणजे नुसते चित्र नव्हे. आरंभी १२८ बाइटांची राखीव जागा, मग चार अक्षरांची खूण, आणि त्यानंतर क्रमांक दिलेल्या नोंदी असतात: रुग्णाचे नाव, छेदाचे स्थान व दिशा, दोन बिंदूंमधील अंतर, आणि अखेरीस प्रत्यक्ष बिंदूंची मूल्ये. ५१२ गुणिले ५१२ बिंदूंचा एक छेद सुमारे अर्धा मेगाबाइट जागा व्यापतो. असे दोनशे छेद मिळून एक मालिका होते.

आयात करणारी प्रणाली प्रथम मालिकेच्या क्रमांकावरून फाइली वेगळ्या करते. त्यांचा क्रम फाइलींच्या नावांवरून लावणे धोक्याचे असते, कारण अक्षरक्रमात १ नंतर २ न येता १० येतो. क्रम छेदाच्या स्थानावरूनच लावावा लागतो. पाच मिलिमीटर अंतराने घेतलेल्या छेदांपैकी एक गहाळ झाला, तर त्या ठिकाणी दहा मिलिमीटरची फट पडते. ती न ओळखता घन आकृती रचल्यास मेंदू तेवढा आखूड होतो आणि गाठीची जागा सरकते.

त्यानंतर मूल्यांचे रूपांतर करावयाचे. साठविलेला अंक १०६४, गुणक १ आणि मिळवावयाची संख्या उणे १०२४ असेल, तर खरे मूल्य ४० येते. या मापनात पाणी शून्य व हवा उणे १००० असते. ४० हे मेंदूच्या करड्या द्रव्याच्या जवळपासचे मूल्य होय. ताज्या गोठलेल्या रक्ताचे मूल्य याहून अधिक असते. रूपांतर चुकले, तर मोजलेल्या आकड्यावरून रक्तस्राव ओळखता येणार नाही.

सर्वांत गंभीर प्रश्न डाव्या-उजव्याचा. डायकॉममध्ये पहिला अक्ष रुग्णाच्या डावीकडे वाढतो, तर मेंदूच्या संशोधनात प्रचलित असलेल्या ‘निफ्टी’ पद्धतीत तो उजवीकडे वाढतो. एका पद्धतीतून दुसरीत जाताना चिन्ह बदलावयाचे राहिले, तर चित्र आरशातल्यासारखे उलटते. मेंदूचे दोन्ही अर्धगोल दिसण्यात बरेचसे सारखे असल्यामुळे कोणालाही शंका येत नाही. परंतु शस्त्रक्रिया कवटीच्या निरोगी बाजूवर होण्याचा प्रसंग ओढवू शकतो. यावर एक साधा उपाय आहे. एमआरआय तपासणीपूर्वी उजव्या कानशिलावर जीवनसत्त्व ‘ई’ची तेलकट गोळी चिकटवितात. ती चित्रात ठळकपणे उमटते. आयातीनंतर ती पडद्यावर ‘उजवी’ म्हणून दर्शविलेल्या बाजूसच आहे ना, एवढे पाहिले की या बाबतीत खात्री पटते.