दोन जाळी, एक संगणक

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर सायबर हल्ला झाला. कार्डावरील व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेच्या जागी चोरट्यांनी बनावट यंत्रणा उभी केली आणि ११ व १३ ऑगस्ट या दोन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये लांबविले. संगणकाच्या जाळ्यात शिरकाव झाला की केवढी हानी होते, याचा हा धडा लहान कार्यालयांनीही घेण्यासारखा आहे.

रायपूरच्या शंकर नगरातील एखाद्या व्यापारी ग्राहकाचे कार्यालय डोळ्यांसमोर आणू. हिशेबाचा संगणक लिनक्सवर चालतो. त्याला दोन नेटवर्क कार्डे आहेत; एक कार्यालयातील अंतर्गत जाळ्याला, तर दुसरे इंटरनेटला जोडलेले. या संगणकावर बँकेचे संकेतस्थळ तेवढे उघडावे आणि इतर संगणकांना त्याच्यामार्फत इंटरनेट मिळू नये, असा मालकाचा हेतू आहे.

प्रथम 'आयपी फॉरवर्डिंग' पाहावे. एका कार्डावर आलेली माहिती दुसऱ्या कार्डावरून पुढे धाडण्याची ही सोय लिनक्समध्ये मुळात बंद असते. परंतु काही सॉफ्टवेअर ती सुरू करतात. ती बंद असली तरी निश्चिंत होता येत नाही. घातक प्रोग्राम याच संगणकात शिरला, तर त्याला दोन्ही जाळी मोकळी असतात.

त्यासाठी फायरवॉल हवी. लिनक्समध्ये पूर्वी 'आयपीटेबल्स' हे साधन रूढ होते. २०१४ पासून 'एनएफटेबल्स' उपलब्ध आहे. येणारी, जाणारी आणि आरपार जाणारी, अशा तिन्ही प्रकारच्या माहितीस मूलतः नकार द्यावा व आवश्यक तेवढीच परवानगी द्यावी. आपण येणाऱ्याला अडवितो, जाणाऱ्याकडे मात्र दुर्लक्ष करतो. चोरलेली माहिती नेमकी त्याच वाटेने बाहेर पडते.

संकेतस्थळाचा आकडी पत्ता बदलू शकतो. म्हणून नावानुसार परवानगी देणारा 'स्क्विड'सारखा प्रॉक्सी वापरावा आणि इंटरनेटवर जाण्याची मुभा त्यालाच द्यावी. परवानगीच्या यादीत बँकेबरोबर लिनक्सच्या सुरक्षा-सुधारणांचे संकेतस्थळही असावे. 'आयपीटेबल्स'चे नियम आयपीच्या चौथ्या आवृत्तीपुरतेच असतात. सहाव्या आवृत्तीसाठी स्वतंत्र नियम करावे लागतात, हे विसरू नये.

शेवटी संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा आणि यादीबाहेरचे एखादे संकेतस्थळ उघडून पाहावे. ते उघडले नाही आणि बँकेचे उघडले, तरच काम पुरे झाले असे समजावे.