डी जीवनसत्त्वाच्या पुड्या आणि कॅन्सरची धास्ती

थोरल्या बहिणीला स्तनाचा कॅन्सर झाला तेव्हा कल्याणच्या एका बाईंनी तिची फाइल पानन् पान वाचून काढली. केमोथेरपी चालू असताना केलेल्या एका तपासणीत व्हिटॅमिन डी ११ आलं होतं. बाईंनी स्वतःचं रक्त तपासून घेतलं, ते १४ निघालं. २० च्या खाली म्हणजे कमतरता. दोन्ही कागद शेजारी ठेवून त्यांनी हिशेब मांडला: डी कमी होतं म्हणून ताईला कॅन्सर झाला, आता नंबर आपला.

डॉक्टरांनी ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, अशी आठ आठवडे लिहून दिली होती. बाई ती रोज सकाळी दुधात ढवळून घेऊ लागल्या. संपल्या की कोपऱ्यावरचा केमिस्ट चिठ्ठी न बघताच पुढच्या देई. “जास्त घेतलं तर जास्त संरक्षण, असंच मनात बसलं होतं. ताईचे हाल बघितले होते ना,” त्या सांगतात.

काही महिन्यांत भूक गेली. पोट साफ होईना, घशाला सतत कोरड, रात्री लघवीला चार-चारदा उठणं. घरच्यांना आधी शुगरचा संशय आला. मग उलट्या सुरू झाल्या आणि एका दुपारी बाई असंबद्ध बोलू लागल्या. रुग्णालयात रक्तातलं कॅल्शियम १३.८ भरलं, साधारण साडेदहाच्या वर ते जाऊ नये. मूत्रपिंडावरही ताण आला होता. सलाइन लावून कॅल्शियम उतरवावं लागलं. डी शरीरातल्या चरबीत साठून राहतं, त्यामुळे पुड्या बंद केल्या तरी त्रास एका दिवसात संपत नाही.

बाईंची शंका मात्र अगदीच हवेतली नव्हती. १९८० साली सेड्रिक आणि फ्रँक गारलँड या अमेरिकी भावांनी मांडलं की, जिथे ऊन कमी तिथे मोठ्या आतड्याच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जास्त, आणि यामागे डी जीवनसत्त्व असावं. पुढे स्तनाच्या कॅन्सरबाबतही तसाच तर्क आला. प्रयोगशाळेत डीमुळे कॅन्सरच्या पेशींची वाढ मंदावलेली दिसते. अनेक पाहण्यांमध्ये रुग्ण स्त्रियांचं डी कमी आढळलं आहे.

पण कमी डी हे कारण की नुसती सोबत? वजन जास्त असेल तर रक्तातलं डी कमी भरतं, आणि पाळी गेल्यानंतर वाढलेलं वजन स्तनाच्या कॅन्सरचा धोकाही वाढवतं. शिवाय आजारी माणूस घराबाहेर पडत नाही, जेवण कमी होतं. ताईंचं डी केमोथेरपी चालू असताना मोजलेलं. आजार होण्यापूर्वी ते किती होतं, हे त्या कागदावरून कळणं शक्यच नव्हतं. आणि आपल्या शहरांत निरोगी माणसांचं डी तरी कुठे पुरेसं असतं?

अशा गुंत्यावर उपाय एकच: निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी द्यायची आणि काही वर्षं थांबायचं. अमेरिकेत ‘व्हायटल’ या चाचणीत २५,८७१ स्त्री-पुरुषांवर हे केलं गेलं. डीच्या गटाला रोज २,००० युनिट मिळत होते. पाचेक वर्षांनंतर, २०१८ मध्ये निकाल आला: दोन्ही गटांत स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण जवळपास सारखंच. त्याआधी ३६ हजारांहून अधिक स्त्रियांना कॅल्शियमसोबत ४०० युनिट डी देऊन झालेल्या चाचणीतही स्तनाचा कॅन्सर कमी झाला नाही. मुतखडे मात्र थोडे वाढले. ‘व्हायटल’मधल्या बहुतेकांचं डी मुळात फार कमी नव्हतं, हे खरं. तरीही डीच्या गोळ्या स्तनाचा कॅन्सर टाळतात असं म्हणायला आज आधार नाही.

म्हणजे डी निरुपयोगी आहे असं नाही. हाडांना ते लागतंच. स्तनाच्या कॅन्सरनंतर लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोल घेणाऱ्या स्त्रियांची हाडं ठिसूळ होऊ शकतात. त्यांना डॉक्टर डी आणि कॅल्शियम देतात ते त्यासाठी.

बाईंनी ज्याची काळजी करायची ती गोष्ट वेगळीच होती. सख्ख्या बहिणीला स्तनाचा कॅन्सर झाला असेल तर स्वतःचा धोका जवळपास दुप्पट होतो. असं असूनही इतक्या दिवसांत त्यांनी स्तनांची तपासणी एकदाही करून घेतली नव्हती. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून वीस वर्षं, सुमारे दीड लाख स्त्रियांमध्ये एक अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासत. पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये या आजाराचे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी घटले. यंत्र नाही, पुडी नाही, शिकवून तयार केलेले हात.

तेव्हा घरात कुणाला हा आजार झाला असेल, तर डॉक्टरांना ते आधी सांगा आणि मॅमोग्राफी कधीपासून करायची ते विचारा. स्तनात किंवा काखेत गाठ लागली, त्वचा ओढली गेली, बोंडातून रक्त आलं, तर दुखत नाही म्हणून थांबू नका. डी कमी असेल तर जरूर घ्या, पण ६०,००० ची पुडी रोजची नसते. आठवड्याला किती, किती आठवडे आणि नंतर काय, हे तीनही चिठ्ठीवर लिहून घ्या.