पापुद्रा



घरी नवा मोबाइल किंवा नवा दूरदर्शन संच आला की घरातील लहान मुलांचे एका गोष्टीवरून भांडण होते. पडद्यावरचा प्लास्टिकचा पातळ पापुद्रा कोणी काढायचा? कोपऱ्याला नख लावायचे, टोक चिमटीत धरायचे आणि ओढायचे. सर्रकन आवाज होतो आणि खालचा पडदा आरशासारखा चमकू लागतो. दोन क्षणांचे काम! पण हेच काम कारखान्यात करायचे असते, तेव्हा त्यासाठी स्वच्छ खोली लागते, वेगळी यंत्रे लागतात आणि शिकलेले हात लागतात. असे का, ते या पाठात पाहू.

सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यात श्रीपूर हे गाव आहे. साखर कारखान्यामुळे ते ओळखले जाते. तेथील मुलांना सोलणे म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. उसाचे कांडे दातांनी सोलताना साल कधी लांब पट्टीसारखी निघते, तर कधी मध्येच तुटते. ओढ कोणत्या दिशेला दिली, यावर ते अवलंबून असते. पडद्यावरचा पापुद्रा काढणे हीसुद्धा सोलण्याचीच विद्या आहे. फरक एवढाच की ऊस सोलताना थोडा रस सांडला, तर कोणाचे काही बिघडत नाही.

आधी हा पडदा कसा बनलेला असतो ते पाहू. (पडदा हा शब्द मराठीने फारसीतून घेतला आहे. कारखाना, बाजार, कागद हेही तसेच. उर्दूत तुम्ही हे शब्द रोज वापरता, म्हणून या पाठातील निम्मी वाट तुमच्या ओळखीची आहे.) आजच्या पुष्कळ सपाट पडद्यांत काचेच्या दोन पातळ पट्ट्या असतात. प्रत्येकीची जाडी एक मिलिमीटरहूनही कमी. त्या दोघींमध्ये द्रवस्फटिक नावाच्या पदार्थाचा थर असतो. हा पदार्थ पाण्यासारखा वाहतो, पण त्याचे रेणू स्फटिकातल्यासारखे शिस्तीने उभे राहतात. १८८८ साली फ्रीडरिक रायनिट्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हा चमत्कार प्रथम लक्षात आला. आपल्या देशाचाही या शोधकार्यात मोठा वाटा आहे. १९७७ साली बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत शिवरामकृष्ण चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की चकतीसारख्या रेणूंपासूनही द्रवस्फटिक बनतात. पुढे अशाच रेणूंचा थर दिलेली फिल्म पडद्यांवर बसवू लागले. खोलीत अगदी बाजूला बसलेल्या माणसालाही चित्र नीट दिसावे, यासाठी ती उपयोगी पडते.

काचेच्या दोन्ही बाहेरच्या अंगांना आणखी एक फिल्म चिकटवलेली असते. तिला ध्रुवक म्हणतात. एका विशिष्ट दिशेने कंप पावणारा प्रकाश ती जाऊ देते, बाकीचा अडवते. एडविन लँड या अमेरिकन तरुणाने अशी फिल्म तयार करण्याची कृती १९२९ साली शोधली. आजचा ध्रुवक प्लास्टिकची फिल्म ताणून आणि तीत आयोडीन मुरवून बनवतात. बटाट्याच्या फोडीवर टाकल्यावर तिला निळी करणारे आयोडीन तुम्ही प्रयोगशाळेत पाहिले असेल. तेच हे! द्रवस्फटिकाच्या थराला वीज दिली की त्याचे रेणू वळतात, त्यांतून जाणारा प्रकाश बदलतो आणि पुढचा ध्रुवक त्याला वाट देतो किंवा अडवतो. अशा लाखो ठिपक्यांचे मिळून चित्र होते. १९२० उभ्या आणि १०८० आडव्या ओळींच्या पडद्यावर २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा आणि निळा असे तीन भाग. म्हणजे ६२ लाख २० हजार ८०० भाग झाले. त्या प्रत्येकाच्या कोपऱ्यात एक सूक्ष्म ट्रान्झिस्टर बसलेला असतो आणि तो दिव्याच्या बटणासारखे काम करतो. ही संख्या लक्षात ठेवा, कारण पुढची सारी काळजी या इवल्या बटणांसाठी आहे.

ध्रुवक कारखान्यात येतो तेव्हा त्याच्या दोन्ही अंगांना एकेक पापुद्रा असतो. आतल्या अंगाचा पापुद्रा त्याच्या गोंदावर झाकण म्हणून असतो. ध्रुवक काचेवर बसवण्याच्या क्षणी तो सोलून टाकतात. बाहेरच्या अंगाचा पापुद्रा ओरखडे पडू नयेत म्हणून असतो. तो पुढच्या सर्व प्रवासात पडद्यावर राहतो आणि अखेरीस निघतो. पहिला पापुद्रा काढताना धुळीचा एक कण जरी गोंदावर बसला, तरी ध्रुवक आणि काच यांच्यामध्ये तो कायमचा अडकतो व तेथे फुगा दिसतो. तो पुसता येत नाही. शिंप्याने अस्तर शिवून टाकल्यावर आत टाचणी राहिली आहे हे कळावे, तसेच हे.

धूळ दिसते तरी. दुसरा शत्रू डोळ्यांना दिसत नाही. तो समजण्यासाठी एक सोपा प्रयोग करा. पारदर्शक चिकटपट्टीचे वीतभर लांबीचे दोन तुकडे घ्या आणि टेबलावर शेजारी शेजारी चिकटवा. आता दोन्ही एकदम भरकन उपटा आणि एकमेकांजवळ न्या. ते एकमेकांपासून दूर पळतात! आता नवे दोन तुकडे एकावर एक चिकटवा, मग त्यांना एकमेकांपासून सोलून वेगळे करा. या वेळी ते एकमेकांकडे ओढले जातात. एकमेकांना चिकटलेले दोन पदार्थ वेगळे होताना एकाचे काही इलेक्ट्रॉन दुसऱ्याकडे जातात. त्यामुळे एकावर धन आणि दुसऱ्यावर ऋण विद्युतप्रभार येतो. या विजेला स्थितिक विद्युत म्हणतात, कारण ती तारेतल्या विजेसारखी वाहत नाही, जागच्या जागी बसून राहते.

या विजेची जुनी ओळख उर्दूच्या एका शब्दात लपलेली आहे. घासल्यावर गवताची काडी ओढून घेणाऱ्या पिवळ्या खड्याला तुम्ही कहरुबा म्हणता. मूळ फारसी शब्दात काह म्हणजे वाळलेले गवत आणि रुबा म्हणजे हिरावून नेणारा. दिलरुबा या शब्दातला रुबा तोच. अरबी भाषेत तर आजही विजेला याच शब्दावरून कहरबा म्हणतात. ग्रीक लोक या खड्याला इलेक्ट्रॉन म्हणत आणि विजेचे इंग्रजी नाव त्यावरून पडले. दोन दूरच्या भाषांनी विजेचे नाव एकाच खड्यावरून घ्यावे, ही मोठी मौजेची गोष्ट आहे.

आता कारखान्यातील पडद्याकडे वळू. पापुद्रा सोलला की पडद्यावर आणि पापुद्र्यावर विरुद्ध प्रभार येतो. त्याचा दाब हजारो व्होल्टपर्यंत जाऊ शकतो. घाबरू नका, प्रभार फार थोडा असल्यामुळे माणसाला त्याने इजा होत नाही. साधारण तीन हजार व्होल्टच्या खालची ठिणगी आपल्या बोटाला जाणवतसुद्धा नाही. पण विजेच्या काही नाजूक भागांना शंभर व्होल्टही जास्त होतात. आपल्याला जे कळत नाही, ते त्यांना मारते. एखादी ठिणगी ट्रान्झिस्टरमधल्या अतिसूक्ष्म विद्युतरोधक थराला भोक पाडते आणि तो ठिपका कायमचा विझतो किंवा कायमचा पेटून राहतो. कधी एक पूर्ण ओळच काळी पडते. शिवाय प्रभार आलेला पडदा कहरुब्यासारखाच आसपासची धूळ ओढून घेतो. म्हणजे एक शत्रू दुसऱ्याला हाक मारून बोलावतो.

हवा कोरडी असेल तर हा त्रास वाढतो. दमट हवेत वस्तूंच्या पृष्ठभागावर पाण्याचा अतिशय पातळ थर बसतो आणि त्यातून प्रभार हळूहळू निघून जातो. आपल्या सोलापूरकडची उन्हाळ्यातली आणि थंडीतली हवा बरीच कोरडी असते. टेरिकॉटचा सदरा अंगातून काढताना चटचट आवाज येतो, तो अशाच दिवसांत. सोलापुरात मागावर काम करणारी अनेक घरे आहेत. कापड गिरण्यांत हवेत पाण्याचे तुषार का सोडतात, हे तेथील जाणत्या माणसांना विचारा. सुती धागा दमट हवेत कमी तुटतो आणि स्थितिक विजेचा त्रासही कमी होतो. पडद्यांच्या कारखान्यातही हवेतील दमटपणा मोजून ठेवतात. मात्र तेथे तुषार सोडून चालत नाही. काम फार नाजूक असते.

मग पापुद्रा काढतात तरी कसा? पडदा एका सपाट मेजावर ठेवतात. मेजाला बारीक छिद्रे असतात. त्यांतून हवा खाली ओढली जाते व पडदा मेजाला घट्ट धरून राहतो. यंत्राला नखे नसतात. म्हणून ते पापुद्र्याच्या कोपऱ्यावर चिकटपट्टी दाबते आणि पट्टी उचलून त्याबरोबर कोपराही उचलते. आपल्या चिकटपट्टीचे टोक सापडेनासे झाले म्हणजे आपणही तिच्यावर दुसरा तुकडा चिकटवून ते उचलतो. तीच ही युक्ती. पुढे कसे ओढायचे? सरळ वर ओढले तर पातळ काच पापुद्र्याबरोबर वर उचलली जाण्याचा धोका. अगदी आडवे, पुढच्या दिशेने ओढले तर फार जोर लागतो आणि पापुद्रा निघतच नाही. म्हणून सुटलेले टोक मागे दुमडून, जवळजवळ पडद्याला समांतर ठेवून मागच्या मागे ओढत नेतात. वेग कमी आणि सारखा ठेवतात. भरकन ओढले तर प्रभार वाढतो. मध्येच थांबले तर पडद्यावर त्या जागी गोंदाची रेघ राहू शकते.

पण हळू ओढले तरी प्रभार थोडाफार येतोच. तो घालवायचा कसा? तुम्ही म्हणाल, जमिनीला तार जोडून द्यावी, म्हणजेच अर्थिंग करावे. कामगाराच्या बाबतीत हे चालते. तो मनगटाला पट्टा बांधतो आणि पट्ट्याची तार जमिनीशी जोडलेली असते. त्याला झटका बसू नये म्हणून तारेत मोठा रोध घातलेला असतो. काचेच्या आणि प्लास्टिकच्या बाबतीत मात्र हा उपाय निरुपयोगी ठरतो. त्यांच्यातून वीज वाहत नाही, मग ती तारेपर्यंत पोहोचणार कशी? येथे माणसाने फार हुशारीने विचार केला आहे. प्रभार जमिनीकडे जात नाही ना, मग हवाच त्याच्याकडे पाठवू! उच्च दाबाची वीज दिलेल्या अणकुचीदार सुयांजवळून हवा सोडतात. त्या हवेत धन आणि ऋण असे दोन्ही प्रकारचे आयन तयार होतात. पापुद्रा जेथे पडद्यापासून सुटत असतो, नेमक्या त्या रेषेवर ही हवा फुंकतात. पडद्यावर धन प्रभार असेल तर तो ऋण आयन ओढून घेतो. ऋण असेल तर धन आयन घेतो. ज्याला जे हवे ते मिळते आणि दोघेही शांत होतात. मला विचाराल तर या सगळ्या कारखान्यातील सर्वांत सुंदर युक्ती हीच.

सोलण्यातून किती शक्ती बाहेर पडू शकते, हे २००८ साली अमेरिकेतील लॉस अँजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी दाखवले. त्यांनी निर्वात पात्रात साधी चिकटपट्टी गुंडाळीवरून उलगडली. तिच्यातून क्ष-किरण निघाले! त्या किरणांनी त्यांनी बोटाच्या हाडाचे छायाचित्रही घेतले. आपल्या घरच्या हवेत असे घडत नाही, तेव्हा वहीला चिकटपट्टी लावताना मुळीच भिऊ नका. मात्र गडद अंधारात काही चिकटपट्ट्या भरकन ओढल्या, तर सुटणाऱ्या रेषेवर क्षीण निळसर उजेड दिसतो. लाइट गेलेल्या रात्री पाहा.

आपल्या राज्यात पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथे एल. जी. कंपनीच्या कारखान्यात दूरदर्शन संच तयार होतात. भारतातील संचांसाठी लागणारे पडदे बहुतेक परदेशातूनच येतात आणि येथे त्यांची जुळणी होते. अशा जुळणीच्या कामात पुष्कळ ठिकाणी बाहेरचा पापुद्रा अजून हातानेच काढतात. हातमोजे, मनगटी पट्टा, वरून येणारी आयनांची हवा आणि न घाई करणारा हात. शाळेनंतर तांत्रिक शिक्षण घेऊन तुमच्यापैकी कोणी अशा कारखान्यात गेले, तर पहिल्याच आठवड्यात त्यांना मनगटी पट्टा रोज तपासायला शिकवतील. पट्टा सैल असेल तर कामगाराला काहीच वाटत नाही. वाटते ते पडद्याला, आणि तो बोलत नाही.

आता थोडे घरातल्या पडद्याविषयी. काही लोक संरक्षक पापुद्रा महिनोन्‌महिने तसाच ठेवतात. उष्णतेने त्याचा गोंद जुना होऊन कडक होतो आणि मग काढताना डाग राहतात. तो वेळीच, हळू, मागे दुमडून काढावा. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. संरक्षक पापुद्र्याचा गोंद मुद्दाम कमजोर ठेवलेला असतो, म्हणून तो सहज सुटतो. तो निघाल्यावर खाली आणखी एक थर दिसला आणि तो सुटत नसेल, तर तेथेच थांबा. तो ध्रुवक आहे. कोणी जोर करून तोही उपटला, तर पडदा चालू असूनही नुसता पांढरा दिसतो. चित्र मात्र आत असतेच. ध्रुवक काचांचा गॉगल लावून त्या पांढऱ्या पडद्याकडे पाहिले, तर ते पुन्हा दिसू लागते.

स्वाध्याय

१. चिकटपट्टीचा प्रयोग वर्गात करा. काय दिसले ते पाच-सहा वाक्यांत लिहा.

२. कारणे लिहा : (अ) काचेवरचा प्रभार अर्थिंग करून घालवता येत नाही. (आ) पापुद्रा सरळ वर ओढत नाहीत.

३. ‘एक शत्रू दुसऱ्याला हाक मारून बोलावतो.’ हे दोन शत्रू कोणते?

४. पाठात आलेले आणि उर्दूतही वापरले जाणारे शब्द शोधा. त्यांतील कोणत्या शब्दांचे लिंग मराठीत बदलते, ते घरी मोठ्यांना विचारून लिहा.

५. सोलणे, उपटणे, उलगडणे, उचलणे या क्रियापदांचा वाक्यांत उपयोग करा.