सीटचे कव्हर: सुई कुठे चालवावी आणि कुठे थांबवावी

कराडहून विट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचे कडेगाव. या रस्त्याने वडापच्या जीपगाड्या, उसाचे ट्रॅक्टर आणि आता घरोघरच्या मोटारी धावतात. मोटार कोणतीही असो, ड्रायव्हरची सीट पहिल्यांदा एकाच जागी फाटते, ती म्हणजे दाराकडची कड. चढता-उतरता माणूस त्याच कडेवरून घसरतो. बाकीची सीट धडधाकट असते, पण मालक एक तर सगळे कव्हर फेकून देतो, नाही तर वरून तयार कव्हर ओढून आतला बिघाड झाकतो. दोन्हींत पैसा जातो.

माझा धंदा कापडाचा. सीट शिवणारे कारागीर माझ्याकडून रेक्झिन, अस्तर आणि दोरा नेतात. त्यांच्या हाताखाली बसून जे पाहिले आणि मालाची पारख करताना जे कळले, ते येथे मांडतो. घरी शिलाई मशीन असलेल्या माणसाला यातले बरेच काम स्वतः करता येईल. जे करू नये, तेही शेवटी सांगितले आहे. तो भाग वाचल्याशिवाय पाना हातात घेऊ नये.

आधी बिघाड ओळखा

सीट बिघडण्याचे प्रकार तीन. नुसती शिवण उसवली असेल तर कव्हर काढण्याची गरज नाही. वाकड्या सुईने, जुन्याच भोकांतून, दुहेरी दोऱ्याने टाके घालावेत. नवी भोके पाडली की रेक्झिन त्याच रेषेत फाटते. दुसरा प्रकार म्हणजे कापडच विरले किंवा चिरले. तेथे तो एक तुकडा बदलावा. तिसरा प्रकार फोम बसल्याचा. फोम खचलेला असताना नवे कव्हर घातले तर महिन्याभरात सुरकुत्या पडतात आणि बोल कारागिराला लागतो. अंगठ्याने दाबून पाहा. फोम लगेच वर आला नाही किंवा त्याचा भुगा हाताला लागला, तर आधी तेवढा भाग कापून नवा फोम चिकटवावा. गादीचा हलका फोम येथे चालत नाही, घट्ट आणि जड फोमच मागावा.

अस्तर पाहून रेक्झिन घ्या

रेक्झिन हे मुळात इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळच्या हाईड गावातील एका कारखान्याच्या मालाचे नाव. ते कापडावर रासायनिक लेप देऊन केलेले नकली चामडे होते. आज आपण ज्याला रेक्झिन म्हणतो, ते बहुतेक पीव्हीसीचा थर दिलेले कापड असते. गिऱ्हाईक वरचा रंग आणि दाणा पाहते. मी सांगेन, माल उलटा करून पाहा. मागचे अस्तर होजरीसारखे विणलेले असेल तर माल ताणला जातो आणि सीटच्या गोलाईवर नीट बसतो. अस्तर साध्या उभ्या-आडव्या विणीचे असेल तर तो ताणत नाही. असा माल सपाट बाकाला चांगला, गोल कडेला नाही.

हा धडा मी नुकसान सोसून शिकलो. एकदा घाईत एका कारागिराला मी साध्या विणीचा माल दिला. वरून दोन्ही माल सारखेच दिसत होते. त्याने तो वडापच्या जीपला ओढूनताणून बसवला. दोन महिन्यांत कडेची शिवण फाटली. मालक त्याच्याशी भांडला आणि तो बिचारा माझ्याकडे आला. चूक माझी होती. माल आणि मजुरी दोन्ही मी भरून दिली. तेव्हापासून ठाण कापण्याआधी मी अस्तर दाखवतो. मालातला ऐब लपवून मिळवलेल्या पैशाला बरकत नसते, असे आपले बुजुर्ग सांगत आले. धंद्याच्या हिशेबानेही ते खरेच आहे.

दोऱ्याचेही तसेच. सुती दोरा घामाने कुजतो. नायलॉन मजबूत असतो, पण उन्हात लवकर कमजोर पडतो. सीटला जाड पॉलिएस्टर दोरा उत्तम.

उलगडणे आणि कापणे

आमच्या कडेगावचे उंच ताबूत बांधणारे कारागीर आधी कळस बांधतात आणि मग पाया. सीट उलगडतानाही असाच उलटा क्रम असतो. कारागिराने जी शिवण शेवटी घातली, ती आधी उसवायची. पण त्याआधी प्रत्येक तुकड्यावर नंबर टाका, आणि दोन तुकडे जेथे जुळतात तेथे शिवणीवर आडव्या खुणा करा. मोबाईलवर फोटो काढून ठेवा. कव्हर फोमच्या खाचेत तारेच्या कड्यांनी बांधलेले असते. त्या कड्या पकडीने कापा, पण कव्हरच्या नेफ्यातल्या बारीक सळया जपून ठेवा. त्या पुन्हा लागतात.

जुन्या तुकड्यावरून नवा कापताना एक चूक नेहमी होते. झिजलेला तुकडा ताणून मोठा झालेला असतो. त्याचे माप घेतले तर नवे कव्हर ढिले होते. त्यासाठी सीटच्या दुसऱ्या, न झिजलेल्या बाजूचा तुकडा कागदावर आखावा आणि कागद उलटा करून कापावा. शिवणीसाठी सगळीकडे सारखी, एक सेंटीमीटर जागा ठेवावी.

टाका बारीक घालू नका. सदऱ्याला बारीक टाका शोभतो, पण रेक्झिनमध्ये प्रत्येक टाका म्हणजे एक भोक. भोके जवळजवळ आली की पोस्टाच्या तिकिटासारखी ती पट्टी फाटून येते. एका इंचात सहा ते आठ टाके पुरेत. सुई अठरा नंबरची घ्यावी. घरगुती मशीनवर एक-दोन थर शिवले जातात, पायपिंगचे चार थर मात्र मोठ्या मशीनवालाच शिवेल.

बसवण्याआधी कव्हर थोडा वेळ उन्हात ठेवा, म्हणजे ते मऊ होते. फोमवर पातळ प्लास्टिक पसरले तर कव्हर सहज सरकते. ते नंतर ओढून काढावे. मधल्या खाचेपासून सुरुवात करून कडेकडे यावे. आणि एक विनंती: रेक्झिन रॉकेल किंवा पेट्रोलने पुसू नका. त्याला मऊ ठेवणारे द्रव्य निघून जाते आणि ते तडकते.

गरम होणारी सीट

आता नव्या गाड्यांकडे वळू. थंड मुलखात सीट गरम करण्याची सोय जुनी आहे. अमेरिकेच्या कॅडिलॅक गाडीत ती 1966 साली आली. आपल्याकडेही काही गाड्यांत ती मिळू लागली आहे. 2023 च्या ह्युंदाई व्हर्नाच्या वरच्या प्रकारात पुढच्या सीट गरमही होतात आणि थंडही. अशी गाडी आज ना उद्या आपल्या कारागिराच्या दारात उभी राहणारच.

या सीटमध्ये कव्हर आणि फोम यांच्यामध्ये बारीक तारेची किंवा कार्बन धाग्याची पातळ चटई चिकटवलेली असते. बारा व्होल्टवर चार-पाच अँपिअर वीज घेतली तर पन्नास-साठ वॅट उष्णता होते. तापमान आवरण्यासाठी त्यात लहानसा स्वयंचलित भाग असतो. येथे फोमच्या खाचेतली कडी जपून लावावी, कारण तार चिमटली तर एकाच जागी उष्णता साठते. चटईवर सोल्यूशन फासू नये, तिला घडी पडू देऊ नये आणि पुन्हा वरून सुई तर मुळीच टोचू नये. जोडणी सोडवून मीटरने चटईचा रोध पाहावा. तो सहसा काही मोजके ओहम असतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर तार तुटलेली आहे. तुटलेली तार पीळ देऊन जोडू नये. चटई बदलावी, आणि फ्यूज कंपनीने सांगितलेल्या क्षमतेचाच ठेवावा.

हे कडक शब्दांत सांगण्याचे कारण आहे. मधुमेहाने किंवा मणक्याच्या दुखापतीने ज्याच्या अंगाची संवेदना गेली, त्याला सीट भाजते आहे हे कळत नाही. अमेरिकेत अशी माणसे गंभीर भाजली, आणि 2011 साली तेथील डॉक्टर व सुरक्षा संस्थांनी सीटच्या तापमानावर मर्यादा घालण्याची मागणी सरकारकडे केली. मधुमेहाची माणसे आपल्या घराघरात आहेत.

सुई थांबवण्याची जागा

सीटच्या पाठीवर, दाराकडच्या बाजूला ‘एअरबॅग’ लिहिलेली पट्टी असेल तर हात मागे घ्या. अपघातात आतली पिशवी त्या बाजूची शिवण फाडून बाहेर येते. ती शिवण ठरावीक जोरात फाटावी अशाच दोऱ्याने कारखान्यात घातलेली असते. आपण चांगल्या भावनेने मजबूत दोरा घातला, तर पिशवी वेळेवर उघडणार नाही. वरून ओढलेले तयार कव्हरही तोच अडथळा करते. अशा सीटचे काम कंपनीच्या वर्कशॉपला द्यावे. तिच्या पिवळ्या जोडणीला मीटर लावू नये आणि बॅटरी जोडलेली असताना सीट खोलू नये.

आयुष्यभर आपण कारागिराला सांगत आलो की दोरा मजबूत घाल. आता त्याला हेही सांगावे लागेल की काही शिवणी फाटण्यासाठीच असतात. जो कारागीर मीटर वापरायला शिकेल, पट्टी वाचेल आणि “हे काम माझे नाही” असे गिऱ्हाइकाला तोंडावर सांगेल, त्याच्याकडे गिऱ्हाईक पुन्हा येईल. नाही म्हणण्याने एका दिवसाची मजुरी जाते, पण चुकीच्या टाक्याने कुणाचा जीव जाऊ शकतो.