पगार स्लिपवरचे 0.75 टक्के : शेकडेवारीचा एक पाठ



सहावी-सातवीला शेकडेवारी शिकवताना आपण नेहमीची नफा-तोट्याची उदाहरणं देतो. पण आपल्या कळवण तालुक्यातल्या कितीतरी घरांतला एक तरी माणूस सातपूर, अंबड नाहीतर सिन्नरच्या कंपनीत कामाला आहे. त्याच्या पगार स्लिपवर 'ईएसआयसी' अशी एक ओळ असते. ती ओळच मी यंदा फळ्यावर घेतली.

ही कर्मचारी राज्य विमा योजना. 1948 च्या कायद्याने आलेली, 1952 साली कानपूर आणि दिल्लीत सुरू झालेली. आजारपणासाठी दर महिन्याला पैसे बाजूला पडतात, पण कामगार एकटा भरत नाही. कामगाराचे 0.75 टक्के, मालकाचे 3.25 टक्के. हे दर जुलै 2019 पासूनचे. पगार 16,000 असेल तर कामगाराचे 120 रुपये आणि मालकाचे 520. मुलं लगेच म्हणतात, "सर, मालक जास्त भरतो!" हो, चौपटीहूनही जास्त.

आता पगार 13,450 घ्या. 0.75 टक्के म्हणजे 100 रुपये 87.5 पैसे. इथे पुढचा पूर्ण रुपया धरतात, म्हणून 101. दशांश अपूर्णांक आणि पूर्णांकात रूपांतर, दोन्ही एका उदाहरणात होतं.

यात पैसे कोणाला भरता येतात? मनात आलं म्हणून कुणालाही नाही. आधी मालक हवा, म्हणजे कायदा लागू असलेला कारखाना किंवा आस्थापना. कारखान्याला साधारण दहा माणसांची अट आहे. साखर, जिनिंगसारखे हंगामी कारखाने यातून वगळलेले आहेत. दुसरं, पगार महिन्याला 21,000 पर्यंत हवा. दिव्यांग कामगारासाठी ही मर्यादा 25,000 आहे. कायम की कंत्राटी, हा प्रश्न इथे येत नाही, दोघेही पात्र.

खरी गंमत मर्यादेच्या काठावर आहे. पगार 19,500 आणि ओव्हरटाइम धरून हातात 22,500 आले, तर माणूस बाहेर गेला का? वर्गात निम्मे हात 'हो' साठी वर आले. पण नाही! पात्रता ठरवताना ओव्हरटाइम धरत नाहीत, कपात मात्र ओव्हरटाइमसकट होते. म्हणजे 168.75, पूर्ण रुपयात 169. आणि जूनमध्ये पगारवाढ होऊन मूळ पगारच 22,000 झाला तर? तरी तो लगेच बाहेर पडत नाही. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे दोन वर्गणीचे काळ आहेत. चालू काळ संपेपर्यंत, म्हणजे 30 सप्टेंबरपर्यंत, 22,000 वर 165 रुपये कापायचेच. त्या सहा महिन्यांच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनचे लाभ मिळतात.

उलट टोकाला, रोजची सरासरी मजुरी 176 रुपयांपर्यंत असेल तर कामगाराचा वाटा माफ, मालकाने मात्र आपला भरायचाच.

मुलांना घरच्या स्लिपा बघून हिशोब करायला सांगितला. (स्लिप शाळेत आणायची नाही, आकडे लिहून आणायचे. कुणाचा पगार किती, ही वर्गात चर्चा नको.) एका मुलीने पगार 15,000 आणि कपात 600 असं लिहून आणलं. तिला वाटलं, आपलंच गणित चुकलं. 0.75 टक्क्याने 113 यायला हवेत. 600 म्हणजे बरोबर 4 टक्के! ठेकेदाराने स्वतःचा वाटाही मजुराच्या पगारातून कापला होता. मालकाचा हिस्सा कामगाराच्या मजुरीतून कापायला कायद्यानेच मनाई आहे, आणि ठेकेदाराने भरला नाही तर मूळ कंपनी जबाबदार असते. महिन्याला 487 रुपये, वर्षाचे 5,844. पालकांना मी एवढंच सांगितलं, स्लिपा जपून ठेवा, दहा अंकी विमा क्रमांक मागा आणि 1800112526 या मोफत क्रमांकावर विचारा.

विमा क्रमांक महत्त्वाचा, कारण औषधोपचार कामाच्या पहिल्या दिवसापासून मिळतात, बायकोमुलांनाही. आजारपणात बुडालेला पगार हवा असेल, तर वर्गणीच्या काळात 78 दिवसांची वर्गणी लागते. मग वर्षात 91 दिवसांपर्यंत मजुरीच्या 70 टक्के मिळतात. बाळंतपणाची रजा 26 आठवड्यांची, पूर्ण मजुरीवर.

मग एका मुलाने विचारलं, "सर, आमचा कांदा आहे, पप्पांना भरता येईल का?" नाही येत. मालकच नाही तर 3.25 कोण भरणार? मला स्वतःला हे खटकतं, पण नियम तसा आहे. शेतकरी कुटुंबासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. तिथे काही भरावं लागत नाही, वर्षाला कुटुंबामागे 5 लाखांपर्यंतचे उपचार. जुलै 2024 पासून रेशनकार्डाच्या रंगाची अटही उरली नाही. पण ती ठरलेल्या आजारांसाठी, यादीतल्या दवाखान्यात दाखल झाल्यावरच. साध्या तापाला नाही, आणि बुडालेली मजुरीही नाही.

घरी सोडवा : मूळ पगार 20,800, ओव्हरटाइम 1,600. माणूस पात्र आहे का? दोघांचा वाटा किती?