कपाशीवरील फवारणी : कामाची ठरीव पद्धत आणि कामाचा उरक

फवारणीचे काम किती झाले, हे आपल्याकडे बहुधा रिकाम्या झालेल्या पंपांवरून मोजतात. वस्तुतः औषध पानांच्या खालच्या बाजूस किती पोचले आणि फवारणारा मनुष्य दुसऱ्या दिवशी धडधाकट कामावर आला की नाही, यावरून ते मोजले पाहिजे. सन २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतील विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. शेकडो जणांवर रुग्णालयात उपचार करावे लागले. त्या वर्षी कपाशी पुरुषभर वाढली होती. त्यामुळे पंपाची तोटी चेहऱ्याच्या पातळीवर येई व तुषार अंगावर पडत.

कीटकनाशक नियम, १९७१ यांत संरक्षक कपडे, श्वसनरक्षक साधने व प्रशिक्षण यांची तरतूद आहे. परंतु आश्विनातील भर दुपारी रबरी कोट घालून काम होत नाही; तो खुंटीवरच राहतो. याचा दोष मजुरास देणे सोपे आहे. आमच्या मते आधी वेळ ठरवावी : सकाळी दव ओसरल्यापासून ऊन तापेपर्यंत, व पुन्हा सायंकाळी वारा पडल्यावर. वेळ पाळली की कपडेही अंगावर राहतात.

आता प्रमाणाविषयी. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद, म्हणजे एक गुंठा जागा आखावी. पंपात मोजून साधे पाणी भरावे, नेहमीच्या चालीने तेवढीच जागा फवारावी व उरलेले पाणी मोजावे. ५ लिटर खर्ची पडले, तर एकरास २०० लिटर, म्हणजे १६ लिटरचे साडेबारा पंप लागतील. तोच मनुष्य घाईने चालून गुंठ्यास ३ लिटरच फवारील, तर पंपातील औषध तेवढेच असूनही एकरी मात्रा दोनपंचमांशाने घटते. कीड हटत नाही, आणि आठवड्याभरात पुन्हा मजुरी व औषध यांचा खर्च पडतो. म्हणून चाल, तोटी व दाब एकच ठेवावा. पंपामागे मजुरी ठरविली की घाई ओघानेच येते; ठरलेल्या तासांची रोजंदारी द्यावी, हे अधिक फायद्याचे.

वारा ज्या बाजूस जातो त्या टोकापासून आरंभ करून वाऱ्यास आडवे चालावे. फवारलेल्या ओळीत पुन्हा शिरू नये. तुंबलेली तोटी तोंडाने फुंकू नये. दोन-तीन औषधे आपल्या मनाने एकत्र करू नयेत.

मळमळ, डोकेदुखी किंवा अंधुक दिसणे सुरू होताच काम थांबवावे, कपडे उतरवून साबणाने अंग धुवावे आणि औषधाचे लेबल बरोबर घेऊन रोग्यास विनाविलंब दवाखान्यात न्यावे.