पूलभोवती कृत्रिम हिरवळ घालण्याआधी

फीनिक्सच्या चँडलर-गिल्बर्ट भागात घर घेतलं की मागच्या अंगणात पूल असण्याची शक्यता बरीच असते. पूलभोवती करपलेलं बर्म्युडा गवत किंवा नुसती खडी असण्याचीही. पहिल्या उन्हाळ्यात पाण्याचं बिल हातात पडतं आणि घरात कृत्रिम हिरवळीचा विषय निघतो. इथे दहा-पंधरा वर्षं काढलेल्या मराठी घरांशी बोलून हे टिपण केलं आहे. त्या सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत आहे: दुकानात नमुन्याचे तुकडे कुरवाळत बसू नका. तुकडा सगळ्यांचाच छान दिसतो. पैसे वसूल होणार की पाण्यात जाणार, ते त्याच्या खाली काय घातलंय आणि तो अंगणात कुठे घातलाय यावर ठरतं.

आधी उन्हाचं बोलू. २०२३ च्या उन्हाळ्यात फीनिक्समध्ये सलग ३१ दिवस पारा ११० अंश फॅरेनहाइट किंवा त्याच्या वर होता. अशा दुपारी प्लॅस्टिकचं गवत दीडशे अंशांच्या पुढे जातं, म्हणजे ६५ सेल्सिअसच्या वर. मुलं पूलमधून निघाली की ओल्या पायांनी थेट पळत सुटतात. आई-बाबा भारतातून येतात तेही नेमके मे-जूनमध्ये, आणि हिरवळीवर अनवाणी चालण्याची हौस त्यांना असतेच. पहाटे पाचला चालू द्या, नऊनंतर अजिबात नाही. पाणी मारून गवत थंड होतं, पण थोडाच वेळ. म्हणून पूलपासून घराच्या दारापर्यंतची वाट फिकट रंगाच्या ट्रॅव्हर्टिनची किंवा पेव्हरची ठेवा आणि हिरवळ दुपारी सावली येते तिथेच घाला. भिंतीपासून भिंतीपर्यंत हिरवंगार अंगण फोटोत शोभतं. जुलैमध्ये तिकडे कुणी फिरकत नाही.

याच उन्हाचा दुसरा प्रताप खिडक्यांचा. लो-ई काचांवरून परावर्तित झालेलं ऊन एका जागी एकवटतं आणि गवताची पाती वितळून पट्टे पडतात. काच शेजाऱ्याचीही असू शकते. वॉरंटीत हे बहुधा बसत नाही. खिडकीला बाहेरून सनस्क्रीनची जाळी लावा, तीही काम सुरू होण्याआधी. दिवाळीत फुलबाज्या आणि भुईनळे पुढच्या ड्राइव्हवेवर. एका ठिणगीनेही पाती जळतात, आणि ती पुन्हा उगवत नाहीत.

आता खालचं. जुनं बर्म्युडा मुळासकट मारून मगच खोदायला घ्या. अर्धवट ठेवलं तर ते सांध्यांतून वर डोकावतं. खोदलेल्या जागेवर तीन-चार इंच डिकंपोज्ड ग्रॅनाइट, पाणी शिंपडून, प्लेट कॉम्पॅक्टरने थराथराने दाबलेलं. इथेच कामगार घाई करतात, म्हणून त्या दिवशी कुणीतरी घरी थांबा. उतार पूलपासून बाहेरच्या दिशेने हवा. काम उरकून गेलं आणि डेकचा अरुंद नाला गवताखाली गाडला गेला, असं एका घरी झालं. मान्सूनच्या पहिल्याच सरीला अंगणातला गाळ पूलमध्ये उतरला. (मान्सून इथेही असतो, जून-मध्यापासून सप्टेंबरअखेर, सोबत धुळीची वादळं.) नाला उघडा राहील, हे करारात लिहून घ्या.

पात्यांमध्ये वाळूसारखं इन्फिल भरतात. गवत थेट पूलच्या काठाला भिडवलं की पायांना चिकटून ते पाण्यात जातं आणि फिल्टरवर भार येतो. मध्ये निदान दोन-तीन फूट फरशी राहू द्या. रबराचा चुरा नकोच. तो जास्त तापतो. लेप दिलेली वाळू महाग पडते, पण पूलजवळ तीच बरी. पूलच्या पाण्याचे शिंतोडे उडाले तर बिघडत नाही. फिल्टरचं बॅकवॉश मात्र गवतावर सोडू नका.

खोदण्याच्या किमान दोन पूर्ण कामाचे दिवस आधी जमिनीखालच्या वाहिन्यांसाठीच्या ८११ या नंबरवर कळवावं लागतं, ते फुकट असतं. मात्र त्यातून फक्त कंपन्यांच्या वाहिन्यांवर खुणा होतात. पूलच्या दिव्याची वायर आणि ठिबकच्या नळ्या तुमच्या; त्या तुम्हीच शोधायच्या. कडेला ठोकतात ते खिळे पाच-सहा इंची असतात आणि ठिबकची नळी वरच्यावर असते. हजार डॉलरच्या वरच्या कामाला काँट्रॅक्टरकडे राज्याचा परवाना हवा. रजिस्ट्रार ऑफ काँट्रॅक्टर्सकडे त्याचा नंबर तपासा. एचओए (वसाहतीतल्या घरमालकांची संघटना) आडवी येईल अशी भीती असते, पण नैसर्गिक गवताला परवानगी असेल तर कृत्रिम गवताला सरसकट मनाई करता येत नाही, असा कायदा ॲरिझोनात २०२२ मध्ये झाला आहे. नियम मात्र एचओए घालू शकते, तेव्हा अर्ज आधी करा. गवत काढण्याबद्दल शहराकडून सवलत घेणार असाल तर अटी नीट वाचा. कृत्रिम गवत त्यात चालेलच असं नाही.

एक गोष्ट कुणीच आपणहून सांगत नाही. पूलच्या कुंपणाचं फाटक आपोआप मिटून खटका लागेल असंच असावं लागतं. नवीन थराने जमीन दोन बोटं वर आली, की फाटक गवताला घासून अडकतं. लहान मूल असलेल्या घरात यापेक्षा मोठा धोका नाही. शेवटचा हप्ता देण्याआधी फाटक अर्धं उघडून सोडून बघा, आणि नळी सोडून पाणी कुठे वाहतंय ते पाहा. खटका आपसूक लागला नाही किंवा पाणी पूलकडे आलं, तर चेक देऊ नका.